बारा वर्षांच्या मुलाला ऑस्टिओपेनिया? (हाडांबद्दल माहिती हवी आहे)

मानेवाडा_रिंगरोड | २५ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

मुलगा बारा पूर्ण, सातवीत. करीच्या दिवशी दुपारी कटलेल्या पतंगीमागे धावताना आमच्या बिल्डिंगच्या कट्ट्यावरून खाली आला. कट्टा केवढा, तर माझ्या गुडघ्याएवढा. हात टेकला आणि मनगटाच्या वर मोडला. धंतोलीत एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरून दाखवलं, की वाळकी काडी कटकन तुटते तसं हे नाही, कडुनिंबाची ओली काडी वाकवल्यावर एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूला धरून राहते, तसं झालंय. पाच आठवडे प्लास्टर.

इथपर्यंत ठीक. आज सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत हाड तपासणी शिबिर' होतं. आजीला घेऊन गेलो होतो, पोरगा सोबत होता, म्हणून त्याचीही करून टाकली. चप्पल काढली, टाचेला गार जेल लावलं, पाय यंत्राच्या खाचेत. दीड-दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर. टी-स्कोअर उणे १.८, पिवळ्या पट्ट्यात फुली, खाली छापलेलं 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाडं विरळ. तिथल्या माणसाने लगेच कॅल्शियमच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पाकिटं लिहून दिली, दर आठवड्याला एक, 'तीन महिने तरी घ्या'. आजीला उणे २.१ आलं, तिलाही तीच चिठ्ठी.

घरी येऊन प्लास्टरच्या वेळी केलेला रक्ताचा रिपोर्ट पुन्हा काढला. व्हिटॅमिन डी १७. अल्कलाइन फॉस्फेटेज ३४०, त्याच्यासमोर जाड अक्षरात एच आणि बाजूला रेंज ४० ते १२९. आता झोप उडाली आहे. सहा वर्षांचा असताना दारात सापडून त्याची करंगळीही मोडली होती. आजी म्हणते गव्हाएवढा चुना दह्यात दे. बायको म्हणते ती चॉकलेटी पावडर सुरू करू. मी गुगल करतोय आणि प्रत्येक पानावर म्हाताऱ्या बायकांचेच फोटो येतायत.

कुणाला अनुभव?

---

किडूकमिडूक | २५ जानेवारी, रात्री १०:४०

वाचतेय. माझ्या भाचीचं अगदी असंच, अकरा वर्षं, डावं मनगट, स्केटिंग.

---

सांधेजोड | २५ जानेवारी, रात्री ११:२५

आधी झोपा. मग हे सकाळी वाचा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांच्या हाडांच्या ओपीडीत चार वर्षं काढली आहेत. औषध सांगणार नाही, पण त्या चिठ्ठीबद्दल बोलू शकते, कारण असल्या चिठ्ठ्या घेऊन येणारे आईबाप मी पुष्कळ पाहिलेत.

टी-स्कोअर म्हणजे काय? तुमच्या हाडाची तुलना पंचवीस-तिशीतल्या निरोगी माणसाच्या हाडाशी. आजीसाठी ती तुलना ठीक, कारण त्यांचं हाड एकदा भरून आता झिजतंय. तुमच्या मुलाचं हाड अजून भरलेलंच नाही. बारा वर्षांच्या पोराची उंची पंचवीस वर्षांच्या माणसाशी ताडून त्याला 'बुटका' ठरवलं तर तुम्ही हसाल ना? हे तेच आहे. मुलांसाठी झेड-स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना. तीसुद्धा उंचीचा हिशेब धरून, कारण ठेंगण्या मुलाचं हाड यंत्राला उगाच विरळ दिसतं.

आणि यंत्रही वेगळं. टाचेचं ते अल्ट्रासाऊंड. मुलांत खरंच शंका असेल तर डेक्सा (हाडाची घनता मोजणारा मंद एक्स-रे) करतात, कमरेच्या मणक्यांचं आणि डोकं वगळून सगळ्या शरीराचं. वाढत्या मुलाचा खुबा सहसा धरत नाहीत, तिथला आकार सारखा बदलत असतो.

'ऑस्टिओपेनिया' हा शब्दच मुलांना लावायचा नसतो. 'ऑस्टिओपोरोसिस' (हाडं ठिसूळ होणं) हेही नुसत्या आकड्यावर म्हणत नाहीत. एकतर मार न लागता मणका दबलेला हवा, नाहीतर झेड-स्कोअर उणे २ किंवा खाली आणि जोडीला मोडण्याचा तसा इतिहास: दहा वर्षांपर्यंत लांब हाडं दोनदा मोडलेली, किंवा एकोणीसपर्यंत तीनदा. दारात सापडलेली करंगळी यात धरत नाहीत हो, दाराचा दोष आहे तो.

अल्कलाइन फॉस्फेटेज: हाड बांधणाऱ्या पेशी हे एन्झाइम सोडतात. उंची वाढत असलेल्या मुलाचं ते मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असणारच. लॅबने रेंज मोठ्यांची छापली म्हणून एच आला. बाराव्या वर्षी ३४० बघून मी तरी भुवई उचलणार नाही. रिपोर्ट तुमच्या बालरोगतज्ज्ञांना मात्र दाखवा.

---

चष्मेबहाद्दर | २६ जानेवारी, सकाळी ७:०५

कायले एवढं टेन्शन घेता बाप्पा! आमच्या मायनं आम्हा पाचही पोट्ट्याइले चुना खाऊ घातला, ताकात कालवून. झाडावरून पडलो, बैलगाडीवरून पडलो, काई झालं नाई. आता पोट्टे कट्ट्यावरून पडले की प्लास्टर. आजीचं ऐका.

---

सांधेजोड | २६ जानेवारी, सकाळी ८:३०

काका, चुन्यात कॅल्शियम असतं हे खरंच आहे. पण पानवाल्याच्या डबीतला चुना किती, कशात किती मिसळलाय, त्यात आणखी काय आहे, हे कोण मोजतं? तो तिखट अल्कली आहे. एखाद्या दिवशी गव्हाचा दाणा हरभऱ्याएवढा झाला की तोंड-अन्ननलिका भाजते. दही तर देणारच आहात, नुसतं दही द्या.

आणि तुम्ही पाच जण पडूनही मोडला नाहीत यात बैलगाडीमागे धावण्याचा वाटा चुन्यापेक्षा मोठा असेल असं मला वाटतं.

---

चष्मेबहाद्दर | २६ जानेवारी, सकाळी ८:५२

हे मात्र बरोबर बोलली पोरगी.

---

गणिताची_बाई | २६ जानेवारी, दुपारी ३:१५

झेंडावंदन उरकून आत्ता बसले. सांधेजोड यांनी चिठ्ठीचं सांगितलं, मी मोडण्याचं सांगते. माझी मुलगी साडेअकराची असताना पायरीवरून घसरून मनगट मोडून बसली, तेव्हा मी रात्री-रात्री पेपर वाचत बसले होते. पेशाने गणित शिकवते, त्यामुळे आकडे दिसले की सोडवत नाही.

गुडघाभर कट्ट्यावरून पडून हात का मोडला, याचं उत्तर बहुतेक त्याच्या पँटमध्ये आहे. गेल्या वर्षभरात किती आखूड झाली बघा बरं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात १९९१ पासून शाळकरी मुलांचा एक गट धरला आणि वर्षानुवर्षं त्याच मुलांची उंची आणि डेक्सा घेत गेले. एकेकदा मोजून सोडलं नाही, त्याच मुलांच्या मागे लागून राहिले, म्हणून त्या अभ्यासाला किंमत. त्यांना दिसलं की उंची सगळ्यात जोरात वाढते ती वेळ आधी येते, आणि हाडात क्षार सगळ्यात जोरात भरतात ती वेळ सहा महिने ते वर्षभर मागून येते. मुलींत साधारण साडेबाराव्या वर्षी, मुलांत चौदाव्या. मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं पण भरलेलं नसतं.

स्लॅब टाकल्यावर ठेकेदार म्हणतो ना, सेंट्रिंग काढू नका, अजून पाणी मारायचंय? तशी अवस्था. लोखंड, गिट्टी, सिमेंट सगळं ठिकाणावर आहे, घट्ट व्हायचं बाकी आहे. आणि नेमका ह्याच काळात पोरांचा धुमाकूळ सर्वांत जास्त, वजनही वाढलेलं, उंचावरून पडल्यावर हाताचा तरफेसारखा दांडाही लांब झालेला. म्हणून मनगटाजवळची मोडतोड मुलींत अकराच्या आसपास आणि मुलांत तेराच्या आसपास सर्वांत जास्त दिसते, देश कुठलाही असो.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त हलवून गेला. क्षार भरण्याच्या त्या भराच्या दोन वर्षांत मोठेपणी असणाऱ्या एकूण हाडाचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो. पुढच्या सगळ्या आयुष्यात साधारण जेवढं झिजतं, तेवढं या दोन-चार वर्षांत येतं. तुमच्या मुलाची ती दोन वर्षं अजून यायची आहेत. म्हणजे उशीर झालेला नाही.

---

मानेवाडा_रिंगरोड | २६ जानेवारी, सायंकाळी ६:४०

ताई, पँट बघितली. दिवाळीत घेतलेली घोट्याच्या वर आली आहे. 😅

मग याच दोन वर्षांत कॅल्शियमच्या गोळ्या ठासून भरल्या तर? चिठ्ठीवाल्याचं म्हणणं तेच होतं.

---

गणिताची_बाई | २६ जानेवारी, रात्री ९:५०

मलाही तेच वाटलं होतं. पण ज्यांनी ठासून भरून पाहिलं त्यांचे निकाल तसे आले नाहीत.

२००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एकोणीस चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला, सुमारे २,८५९ निरोगी मुलं. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाताच्या हाडाची घनता किंचित वाढली, खुब्यात आणि कमरेच्या मणक्यात काही नाही. मोडणं कमी व्हावं एवढा तो फरक नव्हता.

गांबियातली गोष्ट तर विचारात पाडणारी. तिथे मुलांच्या जेवणात कॅल्शियम फारच कमी, म्हणून आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना वर्षभर कॅल्शियम दिलं आणि मग ते मोठे होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यांची उंचीची उडी लवकर आली, लवकर संपली, आणि तेवीस-चोवीसाव्या वर्षी ते दुसऱ्या गटापेक्षा सरासरी साडेतीन सेंटिमीटरने ठेंगणे निघाले. २०१२ चा निकाल. आपल्या पोरांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण 'गोळी घातली तर नुकसान काय' हे वाक्य मी तेव्हापासून बोलत नाही.

व्हिटॅमिन डीचं मंगोलियात झालं. तिथे थंडी आणि मुलांत डी अगदी तळाला. ८,८५१ शाळकरी मुलं, अर्ध्यांना दर आठवड्याला १४,००० युनिट, तीन वर्षं. रक्तातला डी छान वर गेला. मोडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच.

याचा अर्थ डी नको असा नाही. फार कमी असेल तर मुडदूस होतो, आणि केंद्राच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयातल्या २४ टक्के मुलांचा डी १२ च्या खाली होता. १२ च्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं, २० च्या वर पुरे, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची फूटपट्टी आहे. तुमचा १७. भरून काढायचा आहे, पण आग लागलेली नाही.

---

वर्धमाननगर_एक्स्प्रेस | २६ जानेवारी, रात्री १०:३०

ती ६० हजारवाली पाकिटं जपून बरं. आमच्या नात्यातल्या एका मुलीला आठवड्याला एक लिहून दिलं होतं, घरच्यांनी रोज एक समजून दिलं, वीस-बावीस दिवस. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, पोरगी मलूल. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं. भरती करून सलाईन लावावं लागलं. चिठ्ठीवरचं अक्षर कुणालाच लागलं नव्हतं, आणि दुकानदारानेही विचारलं नाही.

---

ढेकळे_मास्तर | २६ जानेवारी, रात्री ११:०२

एवढे पेपर वाचून शेवटी काय, काहीच करू नका? वा.

---

गणिताची_बाई | २७ जानेवारी, सकाळी ६:२०

मास्तर, काहीच करू नका असं कुठे म्हटलं? ताटातलं कॅल्शियम वेगळं आणि गोळीतलं वेगळं एवढंच. ज्याच्या ताटात खरंच तुटवडा आहे त्याला भरून दिल्याचा फायदा होतो. पुण्यात जहांगीर हॉस्पिटलच्या डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी मुलांच्या हाडांवर बरीच वर्षं काम करतायत. त्यांनी दोन-तीन वर्षांच्या गरीब घरच्या मुलांना कॅल्शियम असलेले लाडू वर्षभर खाऊ घातले, आणि त्या मुलांच्या हाडात क्षार जास्त भरले. लाडू! मला तो पेपर वाचताना फार बरं वाटलं.

---

सांबारवडी | २७ जानेवारी, दुपारी १२:४५

ताटाचं निघालंच आहे तर मी काल माझ्या तेरा वर्षांच्या लेकीचं दिवसभराचं मांडून बघितलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत दहा ते बारा वयाला रोज ८५० मिलिग्रॅम, तेरा ते पंधराला १,००० मिलिग्रॅम.

सकाळी चहा-पोळी. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. दुपारी वरण-भात, वांगं. संध्याकाळी ट्यूशनला जाताना समोसा. रात्री पोळी, भरडा भात, लोणचं. दूध म्हणजे चहातलं. ओढून-ताणून साडेतीनशे होतंय! आणि मी स्वतःला जेवणाच्या बाबतीत जागरूक समजत होते.

मग बदल काय केला, तर डोकं खाणारं काही नाही. एक मोठा कप दूध, २०० मिली, म्हणजे साधारण २४०. ती दूध नुसतं पीत नाही, तर रात्रीच्या जेवणात दह्याची मोठी वाटी, दुपारी ताक. तीळ: पॉलिश न केलेले, भाजून, जवसाच्या चटणीत निम्मे मिसळले. संक्रांतीचा तिळगूळ उरलाय तोही संपवतोय. शेवग्याचा पाला आमच्या मागच्या अंगणात फुकट आहे, आठवड्यातून दोनदा वरणात. नाचणी आपल्याकडे रोजची नाही, पण शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम. ज्वारीच्या पिठात चौथाई नाचणी घातली तर भाकर थोडी काळी दिसते, कुणाला कळत नाही. माझ्या सासऱ्यांना कळलं.

पालकाच्या भरवशावर राहू नका. कॅल्शियम आहे, पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, शरीरात फार थोडं लागतं. संत्र्यातही थोडंसंच आहे, नागपूरकरांनी वाईट वाटून घेऊ नये.

---

रविनगर_रिटायर्ड | २७ जानेवारी, दुपारी ४:१०

उन्हाबद्दल कुणी बोलेना. आपण काय स्वित्झर्लंडला राहतो? नागपुरात राहून डी १७ येतो हीच मोठी गंमत आहे.

---

सांधेजोड | २७ जानेवारी, रात्री ९:००

गंमत नाही काका, वेळापत्रक आहे. सकाळी साडेसहाला व्हॅनमध्ये, बाराला वर्गात पंख्याखाली, चारला ट्यूशन, सातला घरी. मेमध्ये पारा ४५ ला टेकला की दारं-खिडक्या लावून कूलर. मुली स्कुटीवर निघाल्या की डोळ्यांपुरती फट ठेवून सगळा चेहरा दुपट्ट्यात, हातात सनकोट. ऊन आहे, पण अंगाला लागतंय कुठे?

आणि 'कोवळं ऊन' हा आपला आवडता गैरसमज. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य खाली असताना हवेतच अडतात. सोपी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा तोकडी असेल तेव्हा ते किरण पुरेसे पोचतात. आत्ता जानेवारीतही बारा-साडेबाराला नागपुरात सावली थोडी तोकडीच असते, बघा उभं राहून. आता रविवारी अकरा ते एकमध्ये अर्धी चड्डी-बनियनवर वीसेक मिनिटं गच्चीवर. मेमध्ये मात्र असलं धाडस नको, तेव्हा साडेनऊला पाच-दहा मिनिटं पुष्कळ.

---

वरोरा_नाका | २८ जानेवारी, सकाळी १०:२०

चंद्रपूर जिल्ह्यातून. तुम्ही शहरवाले कॅल्शियम-डी बोलताय, आमच्याकडे आधी बोअरचं पाणी तपासावं लागतं.

आमच्या शेजारच्या गावात पोरांच्या दातांवर खडूसारखे पांढरे नाहीतर तपकिरी पट्टे सर्रास दिसतात. ते तंबाखूचे नाहीत, फ्लोराइडचे आहेत. दात बनत असताना जे पाणी पोटात गेलं त्याचा शिक्का. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून फार जास्त असेल आणि जेवणात कॅल्शियम कमी, तर वाढत्या मुलांचे गुडघे एकमेकांना टेकायला लागतात. १९७३ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या नलगोंडा भागातल्या असल्या मुलांवर लॅन्सेटमध्ये लेख आला होता.

आणि नागपूरकरांनो, यावरचा उपाय तुमच्याच नीरीत (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) निघाला. त्याचं नावच 'नलगोंडा तंत्र'. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. (चष्मेबहाद्दर काका, हा घ्या तुमचा चुना, योग्य जागी.) पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड दाट होतं. आमच्याकडे अजूनही लोक उकळतात.

---

मानेवाडा_रिंगरोड | २८ जानेवारी, दुपारी १:३०

हे डोक्यातच नव्हतं. आमच्याकडे नळाला महापालिकेचं, म्हणजे पेंच-कन्हानचं. पण सासुरवाडी हिंगण्याच्या पुढे, तिथे लेआऊटला बोअर आहे आणि पोरगा सुट्टीत दोन महिने तिथेच. तपासून घेतो.

---

निळी_ओढणी | २८ जानेवारी, रात्री ११:४०

लिहू की नको करत होते. माझा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून पाय दुखतात म्हणून रडायचा. घरात सगळे म्हणायचे वाढीचं दुखणं आहे, तेल लाव. मीही लावत बसले. एकदा हाताची बोटं सुजली, ताप आला, तेव्हा एका डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. सिकलसेल निघाला, एसएस. आपल्या भागात हे पुष्कळ आहे, तरी आधीच्या दोन दवाखान्यांत कुणाला सुचलं नव्हतं.

सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. ते दुखणं मी शब्दांत सांगू शकत नाही. मोठेपणी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो. माझा आता चौदाचा आहे, लंगडतो का, मांडी आत वळवताना दुखतं का, एवढ्यावर मी डोळा ठेवून असते.

वाढीचं दुखणं कसं असतं ते आता मला पाठ आहे: संध्याकाळी-रात्री, दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांत, सकाळी पोर उड्या मारतं. एकाच जागी दुखणं, सूज, ताप, लंगडणं, दिवसाही दुखणं, हे वाढीचं नाही. तेल बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

---

सांधेजोड | २९ जानेवारी, सकाळी ७:१०

ताई, बरं झालं लिहिलंत. धागाकर्ते, बालरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा हेही सांगा: फिटची औषधं, दम्यासाठी किंवा किडनीसाठी पोटातून स्टेरॉइड बरेच महिने, जुलाब-पोटाचा जुना त्रास, घरात कुणाची हाडं वारंवार मोडणं. यातलं काही असेल तर हिशेब बदलतो.

---

पीटीचे_सर | १ फेब्रुवारी, रात्री ८:२५

आठवडाभर वाचतोय, माझ्या विषयावर कुणी येईना म्हणून मीच येतो.

२००१ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला सहा ते नऊ वर्षांच्या मुलांकडून ६१ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यांवरून उड्या मारून घेतल्या. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी शंभर उड्या, सात महिने. दुसऱ्या गटाला नुसतं स्ट्रेचिंग. उड्यावाल्यांच्या खुब्याच्या मानेत साडेचार टक्के आणि कमरेच्या मणक्यांत तीन टक्के क्षार जास्त भरले. कॅल्शियमच्या गोळ्यांनी खुब्यात काहीच झालं नव्हतं ना, बाई? इथे झालं.

फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले. रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड. पण पाळी यायच्या आधी खेळायला लागलेल्यांत हा फरक नंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. हाडाला धक्का लागतो तेव्हा ते भरतं, आणि वयात येण्याच्या आसपास त्याचे कान जास्त तिखट असतात. पोहणं-सायकल हृदयाला उत्तम, हाडाला त्यात धक्का नाही.

आता सांगा, लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, कबड्डी यात दुसरं काय आहे? खो देऊन एकदम उठणं, थबकणं, दिशा बदलणं. हाडाला नेमकं हेच आवडतं, थोडे धक्के, मध्ये विश्रांती, पुन्हा धक्के. एकसुरी तासभर चालण्यापेक्षा पाच मिनिटांच्या उड्या बऱ्या.

मी ज्या शाळेत होतो तिथे मैदानाच्या अर्ध्या भागावर आता बस पार्किंग आहे, आणि दहावीच्या पीटीच्या तासाला विज्ञानाचे सर येऊन बसतात. रेशीमबागेत संध्याकाळी जाऊन बघा, चालणारे सगळे पन्नाशीचे.

---

ढेकळे_मास्तर | १ फेब्रुवारी, रात्री ८:४०

दहावीचा पीटीचा तास मीच घेतला आहे हो अनेकदा. पोर्शन कुणी संपवायचा?

---

पीटीचे_सर | १ फेब्रुवारी, रात्री ८:४४

मला माहीत आहे सर तुम्ही कोण आहात. 🙏

---

मानेवाडा_रिंगरोड | १ मार्च, सकाळी ११:५०

अपडेट द्यायचं राहून गेलं होतं.

प्लास्टर १९ फेब्रुवारीला निघालं. करवतीचा आवाज ऐकून पोरगा पांढरा पडला, तर तंत्रज्ञाने ती चालू करवत स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवली, कातडी कापत नाही म्हणून. आतून हात निघाला तो शेजारच्यापेक्षा बारीक, केसाळ, आणि वास असा की आजीने दारातूनच आंघोळीला पाठवलं. हाड नीट जुळलंय. मनगट वळवायचे व्यायाम सांधेजोड ताईंनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सांगितले तेच तिथल्या फिजिओने दिले.

बालरोगतज्ज्ञांनी शिबिराची चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे कोणत्या औषध कंपनीचं नाव आहे ते बघितलं, आणि परत दिली. डेक्सा नको म्हणाले. त्याची उंची मागच्या वर्षीच्या नोंदीशी लावली, आठ सेंटिमीटर वाढलीय. भारतीय मुलांच्या तक्त्यावर ठिपका मारून दाखवला. व्हिटॅमिन डी रोज ६०० युनिटचे थेंब, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. कॅल्शियमच्या गोळ्या नाहीत, जेवणातून. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट करून घेतली, निगेटिव्ह. हिंगण्याच्या बोअरचं पाणी लॅबला दिलंय.

आजी स्वतःचं डेक्सा करून आली, तिचं मात्र खरंच निघालं, तिचे उपचार सुरू झाले. म्हणजे शिबिराने चुकून एक बरोबर पकडलं.

पोरगा दोरीवरच्या उड्या मारतो, शंभर सकाळी, शंभर संध्याकाळी. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, पंखा हलतो म्हणाल्या. आता गच्चीवर पाठवतो, बाराच्या सुमाराला, म्हणजे ऊनही होतं. मार्चपासून वेळ बदलावी लागेल.

---

किडूकमिडूक | १ मार्च, दुपारी १२:१५

दोरी कुठली घेतली? भाचीसाठी विचारतेय. ती प्लास्टिकची लगेच तुटते.

---

मानेवाडा_रिंगरोड | १ मार्च, दुपारी १:०५

इतवारीतून साधी सुताची दोरी आणली, दोन्ही टोकांना गाठ. सत्तर रुपये मागत होता, पन्नासला दिली.